हा भाग आपल्या देशात दिसत नाही

मापकाकांनी आयुष्यात खोटं माप कधी चालवून घेतलं नाही. वजनमापे निरीक्षक म्हणून उभी नोकरी त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात घालवली, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी दुकानदार त्यांना पाहिलं की अजून पारड्याजवळचा हात मागे घेतात. अशा माणसाने स्वतःच्या दिवाणखान्यात बसून स्वतःच्या टीव्हीला, आपण भलत्याच देशात राहतो असं सांगावं, हे इमारतीत कळलं तेव्हा सगळ्यांना धक्का बसायला हवा होता. कुणालाही बसला नाही. "म्हणजे अजून सांगितलं नव्हतंत?" असं उलट त्यांनाच विचारण्यात आलं. काकांना हेच जास्त लागलं.

झालं असं, की टीव्हीवरून होडीवाली गेली.

होडीवाली ही एक परदेशी मालिका. तिचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते म्हणताना काकांची कवळी हलायची, म्हणून घरात ती नुसती होडीवाली. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी एक बाई, तिचा नवरा, गप्प राहून होडीचं इंजिन दुरुस्त करणारा तिचा म्हातारा बाप, आणि पहिल्याच भागात एका जकात अधिकाऱ्याचा खून. काका आणि परदेशात राहणारी त्यांची एकुलती लेक माऊ, दोघं दर रविवारी ही मालिका बरोबर पाहत. बरोबर म्हणजे अगदी मापात. इकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. फोन कानाला लावायचा, काकांनी "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि दोघांनी एकदम बटण दाबायचं. तरी तिकडचं चित्र किंचित पुढेच असायचं. माऊ "अगं बाई!" म्हणाली की काका समजायचे, आता काहीतरी होणार, आणि खुर्चीचे हात घट्ट धरायचे.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? एवढं असं, की याखेरीज या बापलेकीला एकमेकांशी बोलताच येत नव्हतं. काकू होत्या तोवर फोन काकूंचा. काकांच्या हाती यायचा तो "बरी आहेस ना? जावईबापू बरे? थांब, आईला देतो," एवढ्यापुरता. काकू गेल्या आणि त्यांच्याबरोबर हे शेवटचं वाक्यही गेलं. मग कितीतरी रविवार "मग?" "मग काय, चाललंय." "हवा काय म्हणते?" "थंडी आहे," यावर निभावले. थंडीवर माणूस बोलून बोलून किती बोलणार? खुनावर मात्र कितीही बोलता येतं. होडीवाली आली आणि दोघांची दातखीळ सुटली.

आणि शेवटचे काही भाग राहिलेले असताना एका रविवारी पडद्यावर होडीऐवजी एक पाटी आली, हा कार्यक्रम आपल्या देशात उपलब्ध नाही.

"असं कसं?" काका फोनमध्ये ओरडले. "मागच्या रविवारी होता! मागच्या रविवारी आपण याच देशात होतो!"

पलीकडे माऊने दोनदा बटण दाबून पाहिलं. मग म्हणाली, "इथे दिसतोय बाबा. मी पाहते आणि तुम्हाला सांगते. चालेल?"

चालेल म्हणण्यावाचून इलाज नव्हता. थोड्या वेळाने तिचा फोन आला आणि तिने भाग सांगितला. पण काका हा ऐकीव मापावर शिक्का मारणारा माणूस नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, चष्मा पुसला आणि कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला. फोनवर बोलायला इस्त्रीचा शर्ट कशाला, हे त्यांना विचारू नका. तक्रार ही तक्रारीसारखी व्हावी असं त्यांचं मत आहे.

"सर, आपल्या भागातले हक्क संपले," ग्राहकसेवेतली मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"कुणाचे हक्क? माझे?"

"नाही सर, दाखवण्याचे. प्रत्येक देशाचे वेगळे असतात."

"बाई, एक किलो सगळ्या जगात एक किलो असतो. मग एक मालिका सगळ्या जगात एक का नाही?"

ती गोंधळली असावी, कारण तिने काकांना धन्यवाद दिले. वर, "तुम्हाला होड्या आवडतात, तर हेही आवडेल," म्हणून टीव्हीवर एक माहितीपट पाठवून दिला. तो जहाजांच्या बुडाला लागणाऱ्या गंजाविषयी होता. काकांनी तो निष्ठेने अर्धा पाहिला.

एव्हाना बातमी जिन्यावरून वरखाली फिरली होती. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. यांचा दवाखाना निम्मा वेळ रिकामा असतो आणि तोंड पूर्ण वेळ चालतं. वरच्या मजल्यावरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आल्या, त्यांना इमारतीत सगळे नुसतं बाई म्हणतात आणि सगळेच जरा टरकून असतात. उंटावरचे शहाणे म्हणतात ते असे, फक्त हे आपापल्या घरची खुर्ची घेऊन आले होते.

"सोपं आहे हो," डॉक्टर म्हणाले. "व्हीपीएन टाकायचं. टीव्हीला वाटतं, आपण दुसऱ्याच देशात आहोत."

"म्हणजे खोटं बोलायचं," काका म्हणाले.

"टीव्हीशी! टीव्ही आपल्याशी रोज बोलतो, तेव्हा?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," काका म्हणाले, आणि तत्त्व म्हणून दोन-तीन आठवडे काहीही केलं नाही. तत्त्व त्यापुढे टिकलं नाही, याला कारण माऊच्या तोंडचे भाग.

त्याचं काय झालं, की माऊ गोष्ट फार छान सांगायला लागली. एवढंसं बोलणारी पोर, पण होडीवालीचं सांगताना थांबत नसे. होडीवालीने म्हणे नवऱ्याचं घर सोडलं. एक सूटकेस घेतली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेतली. खोलीत एकच कप आहे. नवरा वाईट नाही, मारत नाही, ओरडत नाही, फक्त तिच्याकडे बघतच नाही. ती जेवणाच्या टेबलावर समोर असते आणि तो तिच्या पलीकडच्या भिंतीकडे बघून बोलतो, तेही "मीठ" एवढंच. कामावर ती हसते, होडीत माणसं चढवते-उतरवते, कुणाला पत्ता लागू देत नाही. खोलीवर आल्यावर दिवा न लावता तशीच बसून राहते.

"आणि खून?" काकांनी विचारलं.

"खुनाचा तपास चालू आहे," माऊ म्हणाली.

काका हे सगळं सोमवारी इमारतीला सांगत, कारण आता इमारतच होडीवालीत गुंतली होती. आणि इमारतीला हे अजिबात पटत नव्हतं.

"लेखक घसरला," डॉक्टरांनी निदान केलं. "अर्धवट तपास सोडून बाईचा संसार कशाला? नवऱ्यानेच खून केला असेल तर गोष्ट वेगळी."

"नुसतं बघत नाही म्हणून घर सोडायचं?" बाई म्हणाल्या. "माझे हे तर निवृत्त होईपर्यंत पेपरातून बाहेर आले नाहीत."

काकांचंही तेच मत होतं, आणि ते त्यांनी पुढच्या रविवारी लेकीला ऐकवलं. "तुझ्या होडीवालीला म्हणावं, जरा दमानं घे. संसार काय भाड्याची खोली आहे, पटलं नाही की सोडली? आणि बापाला सांगितलं का तिने?"

"नाही. सांगायचा धीर होत नाही तिला."

"होईल कसा? तोंड आहे का सांगायला!"

"हं," माऊ म्हणाली. "आज इथे खूप थंडी आहे बाबा. ठेवते."

त्या दिवशी भाग फारच लहान होता, असं काकांना वाटलं. आणि असंही वाटलं, की आपल्यासाठी पोरीला एवढा वेळ बसून पाहावं लागतं, वर सगळं सांगत बसावं लागतं, कंटाळली असेल. आपणच पाहिलं पाहिजे. पुन्हा "एक, दोन, तीन" म्हटलं पाहिजे. शिवाय लेखक घसरला की नाही, हेही स्वतःच्या डोळ्यांनी तपासलं पाहिजे. मग मात्र त्यांनी केबलवाल्याला बोलावलं.

केबलवाला म्हणजे एके काळचा राजा. गच्चीगच्चीवर त्याच्या तारा होत्या, क्रिकेटच्या दिवशी लोक त्याला दादा म्हणायचे. या नव्या प्रकारांनी त्याचा धंदा बसला आणि आता तो 'सगळं करून देतो' असं सांगतो. खरं तर त्याला निम्मं येतं, पण कुठलं निम्मं ते त्यालाही माहीत नसतं. त्याने टीव्हीत खुडबुड केली, काकांचं बँकेचं कार्ड मागितलं, आणि पडद्यावर देशांची ही लांब यादी आणली. अभ्यासक्रमात असावेत तसे सगळे देश.

"आपल्याला माझ्या मुलीचा देश हवा," काका म्हणाले.

"थांबा, मी वाचलंय," डॉक्टर मध्ये पडले, "होडीवाली अमुक एका देशात नक्की आहे." आणि त्यांनी रिमोट घेऊन बटण दाबलं.

पडदा काळा झाला आणि उजाडला तेव्हा त्यावर कुणालाच न वाचता येणारी अक्षरं होती. मुंग्यांनी मोर्चा काढावा तशी उजवीकडून डावीकडे चाललेली. एक बाई कुठल्या तरी साबणाविषयी रडवेल्या आवाजात बोलत होती. होडीवाली कुठे नव्हती. परत यायचं तर 'भाषा' हा शब्द शोधायला हवा होता, आणि तोही त्याच मुंग्यांत. डॉक्टरांनी अंदाजाने एक मुंगी दाबली आणि टीव्ही फक्त लहान मुलांसाठी झाला. दुसरी दाबली तेव्हा त्याने चार आकडी कुलूप मागितलं. बाईंनी "मी एकदा शुद्धलेखनाच्या नजरेने बघते" म्हणून रिमोट घेतला आणि आवाज गेला. तीन दिवस काकांच्या घरी एक निळा ससा मूकपणे गाजर लावत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आगीतून फुफाट्यात पडायचं राहिलं होतं, ते बँकेने पुरं केलं. कार्ड बंद. काका शाखेत गेले. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने संगणकात पाहिलं आणि मान हलवली.

"सर, तुम्ही सध्या परदेशात आहात."

"मी तुमच्या समोर आहे."

"ते बरोबर आहे. पण इथे दिसतंय की तुम्ही परदेशात आहात. सुरक्षेसाठी कार्ड थांबवलंय. परत आलात की अर्ज द्या."

"मी गेलोच नाही तर परत कसा येऊ?"

अधिकारी सज्जन होता. त्याने खरोखर विचार केला. "साहेबांना विचारतो," म्हणाला आणि आत गेला. काका त्या काउंटरसमोर उभे राहिले. मागे रांग, पुढे काच, काचेत त्यांचं स्वतःचं अंधुक प्रतिबिंब. ज्याच्या सहीवाचून या भागातलं एक दुकान उघडत नव्हतं, त्याला आपण कुठे आहोत हे सिद्ध करता येऊ नये! मागचा एकजण म्हणाला, "आजोबा, परदेशातून काय आणलंत?" रांग हसली. काकांना हसू आलं नाही. त्यांच्या मनात आलं, की या बँकेला वाटतं तसं खरंच असतं तर किती बरं होतं. आज सकाळी आपण माऊच्या गावात असतो आणि तिला म्हणालो असतो, चल, दाखव तुझं घर. इतक्या वर्षांत ती जागा आपण पाहिलेली नाही. काकू म्हणायच्या जाऊ, आपण म्हणायचो बघू.

कार्ड सुटलं. कसं ते विचारू नका, त्यात दोन फोटो आणि एक साक्षीदार लागला आणि साक्षीदार म्हणून डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला, म्हणजे त्यांचं काही नुकसान झालं नाही. शनिवारी दुपारी केबलवाल्याने सशाला घालवलं. या वेळी काकांनी रिमोट कुणाच्या हाती दिला नाही. यादीतून खाली खाली जात त्यांनी माऊचा देश शोधला आणि स्वतः बटण दाबलं.

पडदा उजाडला. अक्षरं वाचता येत होती. तिथल्या हवेची बातमी होती, तिथल्या दुकानांच्या जाहिराती होत्या. काकांनी खुर्चीत पाठ सरळ केली. पाहुण्याच्या घरी बसतात तसे बसले. मग होडीवालीचं लांबलचक नाव एकेक अक्षर तपासून टाकलं.

हा कार्यक्रम आपल्या देशात उपलब्ध नाही.

"तुमचं चुकलं असेल," डॉक्टर म्हणाले. काकांनी पुन्हा टाकलं. पाटी तीच. केबलवाल्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि बऱ्याच वेळाने वर काढलं. "काका, तिकडूनही गेलीय. एकाच दिवशी गेली, इकडून आणि तिकडून. लोकांनी शिव्या घातल्यात बघा."

"मग तुमची मुलगी कुठून पाहते?" बाईंनी विचारलं.

खोलीत सगळे काकांकडे पाहायला लागले. "तिच्याकडे वेगळी सोय आहे," काका म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी एवढं सफाईने खोटं सांगितलं नव्हतं. "नोकरीतून मिळते. बरं, आता मला जरा पडायचंय." आणि त्यांनी तिघांना त्यांच्या खुर्च्यांसकट बाहेर काढलं.

दार लावून काका टीव्हीसमोर उभे राहिले. आधी त्यांना रागच आला. मला फसवलं? मला? मग त्यांना तो कप आठवला. खुनाच्या मालिकेत खोलीत कप किती, हे कोण मोजतं? पलीकडच्या भिंतीकडे बघून मीठ मागणारा नवरा कुठला लेखक बसून रचेल? गेले कित्येक महिने जावईबापू कसे आहेत विचारलं की ती "आहेत" म्हणते, एवढंच म्हणते. आणि दिवा न लावता बसून राहते ती. ती कोण?

काका खुर्चीत बसले. पोरगी रविवारच्या रविवार त्यांना सगळं सांगत होती. आईला सांगितलं असतं तसं, शब्दन् शब्द, फक्त होडी मध्ये घालून. आणि आपण काय म्हणालो? तोंड आहे का सांगायला. हे वाक्य आपण लेकीच्या तोंडावर बोललो. उठून तडक फोन लावावा असं वाटलं, हात फोनपर्यंत गेलाही. पण फोन लावून म्हणायचं काय? मला कळलं, असं? चोरी पकडली, असं? तिला आणखी खाली मान घालायला लावायची? तराजू खोटा निघाला की जप्त करायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. माणूस खोटं बोलून खरं सांगत असेल तर काय करतात, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. काकू असत्या तर त्यांना विचारलं असतं.

रविवारी फोन वाजला. माऊचा आवाज नेहमीसारखा होता, म्हणजे सर्दी झाल्यासारखा. "बाबा, आजच्या भागात ना..."

"थांब," काका म्हणाले. "आज मी सांगतो. मी पाहिला."

"तुम्ही पाहिलात?"

"पाहिला. ऐक." काकांनी घसा साफ केला. त्यांना गोष्ट सांगता येत नसे. लहानपणी माऊला झोपवताना ते राजाच्या राज्याचं क्षेत्रफळ सांगायचे. "तर ती होडी असते. धक्क्याला. आणि तो तिचा बाप, म्हातारा. तो इंजिन खोलून बसलेला असतो. त्याला कळतं."

"काय कळतं?"

"सगळं. ती खोली, सूटकेस, सगळं. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, भागात दाखवलं नाही. आणि म्हाताऱ्याला फार वाईट वाटतं. तिने घर सोडलं म्हणून नाही. तो स्वतः काहीतरी बोललेला असतो आधी. समोर कोण आहे ते न बघता बोललेला असतो, मूर्खासारखा."

"मूर्खासारखा नाही बाबा. त्याला माहीत नव्हतं."

"मध्ये बोलू नकोस, मी विसरेन. मग तो होडीत चढतो. म्हातारा कधी चढत नसतो त्या होडीत, बघू बघू म्हणत राहिलेला असतो. पलीकडे उतरतो, तिच्या खोलीचं दार वाजवतो. ती दार उघडते. आणि त्याला काय बोलावं ते सुचत नाही. त्याला कधी सुचलेलंच नाही, बायको बोलायची त्याची. म्हणून तो नुसता उभा राहतो." काका थांबले. "मग म्हणतो, तुझ्याकडून मला कारण नको. कुणाला हिशेब द्यायचा नाही. घरी ये. नाहीतर मी येतो. तू सांगशील तसं. फक्त एकटी बसू नकोस, माझा जीव तुटतो."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "बाबा, हा भाग कुठे पाहिलात तुम्ही? तिथे तर तो दिसत नाही ना?"

"दिसत नव्हता," काका म्हणाले. "आता दिसतो."

आणि माऊ रडायला लागली. हुंदके देऊन, नाक ओढत, लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तशी. काकांनी थंडी विचारली नाही, खून विचारला नाही. "रड. मी फोन ठेवत नाही," एवढं म्हणाले, आणि तिचं रडणं ओसरून ती पहिल्यापासून सगळं सांगायला लागली, तेव्हा तापलेला फोन त्यांनी या कानावरून त्या कानाला घेतला.